हळदीच्या ढिगाकाठचं बिऱ्हाड

माघ सरत आला की आमच्या सांगलीच्या हवेत हळद उतरते. बाजार आवाराकडून वारा सुटला की खिडकीच्या गजांवर पिवळी धूळ बसते, दोरीवरच्या पांढऱ्या चादरींना डाग पडतात आणि माझी सून करवादायला लागते. मी चादरी झटकत राहते. हा वास मला पुरत नाही, हे तिला कोणत्या तोंडानं सांगू? तरी ही वाळलेली हळद. ओल्या हळदीचा वास मातीचा आणि थोडासा कच्च्या आंब्याचा असतो. शिजत्या हळदीचा वास नुसता नाकात थांबत नाही, तो केसांत जातो, लुगड्यात जातो, भाकरीत जातो. तो वास आता माझ्या वाट्याला येत नाही. गावी गेलं तरी येत नाही, कारण आता सगळं यंत्रावर.

परवा अशीच चादरीवरची धूळ झटकत होते आणि नातू टीव्हीसमोर लोळत होता. त्याचं एक कार्टूनमधलं कुटुंब आहे. बाप ढेरपोट्या, आई कटकटी, पोरं आगाऊ. रोज नवा घोटाळा आणि रोज तेच घर. बाप छपरावरून पडला, घराची भिंत कोसळली, तरी दुसऱ्या दिवशी भिंत जागेवर आणि बाप पुन्हा छपरावर. नातू मला म्हणाला, "आजी, हे लोक मोठेच होत नाहीत गं. किती वर्षं झाली, तो मुलगा अजून चौथीतच आहे."

मी म्हटलं, "बाळा, मोठी झाली तर गंमत संपेल की."

"तुला काय माहीत?"

आता घ्या! मला काय माहीत! अरे, तुझ्या बापाच्या जन्माआधी मी असलं कुटुंब रोज दुपारी बघत होते. फुकट, आणि डोळ्यांसमोर. त्यात माझं स्वतःचंसुद्धा काम होतं. पण त्याला हे कुठं सांगत बसा, त्याचा कार्यक्रम चालू होता. म्हणून तुम्हाला सांगते.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मोठा दुष्काळ नुकताच मागं पडला होता. कृष्णाकाठच्या एका गावात मी लग्न होऊन आले आणि महिनाभरात नवरा पलटणीत परत गेला. मी कोयनानगरच्या धरण वसाहतीत वाढलेली. नळाचं पाणी, विजेचे दिवे, रांगेतली घरं, असा आमचा थाट. इथं आले तर अंगणात हळदीचा डोंगर. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची, सासऱ्यांना मामंजी. नवऱ्याची बहीण हौसा, माझ्याहून वर्षा-दोन वर्षांनी मोठी. तिला मी वन्सं म्हणायची. घरात बोलायला मला तेवढी एकच होती, आणि ती एकटी दहाजणींना पुरून उरणारी.

हळद काढणीचा हंगाम म्हणजे घराला श्वास नसतो. पुरुषमाणसं कुदळीनं गड्डे उपटायची, बैलगाडीतून खळ्यावर आणून ओतायची. मग आंब्याच्या सावलीत ढिगाभोवती बायका बसायच्या आणि हळद मोडायच्या. मधला जाडजूड तो जेठा गड्डा, त्याला फुटलेली बोटं ती हळकुंडं. मोडताना कट् असा आवाज येतो. जेठे गड्डे बेण्यासाठी एकीकडं, हळकुंडं कायलीत, म्हणजे त्या भल्या मोठ्या कढईत, शिजायला दुसरीकडं. खळ्याच्या पार टोकाला मामंजी काईल सांभाळायचे. खाली उसाचं पाचट धडधडायचं, वर हळदीच्या पाल्याखाली सगळं खदखदायचं. आमचे हात कोपरापर्यंत पिवळे. नखं पिवळी, चहाच्या कपाचे कान पिवळे. मी नवऱ्याला पाठवलेल्या मफलरवरसुद्धा पिवळी बोटं उमटलेली होती.

आता ओल्या हळदीकडं तुम्ही कधी नीट बघितलंय का? एक गड्डा दुसऱ्यासारखा नसतो. कुणाला पोट सुटलेलं, कुणाला कुबड, कुणाचं नाक वाकडं. वन्सं मोडता मोडता असा एखादा गड्डा हातात धरायची, डोकं तिरकं करून बघायची आणि टोपलीच्या काठावर उभा करायची. "हे बगा, आलं आमचं दाजी." झालं! खळ्यावरची कुजबुज थांबायची. बायका हात चालू ठेवून कान तिकडं लावायच्या.

दाजी म्हणजे पलटणीतून परत आलेला घरचा कर्ता. त्याची बायको ताराक्का. एक थोरला पोरगा, एक नवी सून, आणि बोटाच्या पेराएवढं एक हळकुंड, त्याचं नाव टिल्लू. रोजचं बिऱ्हाड हेच. संध्याकाळी पोरंबाळं कायलीत जायची, दाजी-ताराक्का बेण्याच्या ढिगात. "शिजलं गं बाई सगळं घर," असं म्हणून वन्सं हात झटकायची. आणि दुसऱ्या दुपारी नवे गड्डे, नवी हळकुंडं, पण बिऱ्हाड तेच. काल दाजींचं घर जळालेलं असायचं, ताराक्का माहेरी निघून गेलेली असायची. आज कशाचा मागमूस नाही. मी पहिल्यांदा विचारलं, "वन्सं, पण काल तर त्या माहेरी गेल्या होत्या ना?" तर ती म्हणाली, "वैनी, कालचं काल शिजलं."

तिच्या खोड्या मला आता, टीव्हीसमोर बसून, एकेक उमगतात. घरात दूध उतू चाललंय, ताराक्का ओरडतेय, आणि दाजी मात्र हात वर करून म्हणणार, "थांबा! आमच्या पलटणीत एकदा काय झालं..." की लगेच वन्सं दुसरे चार गड्डे ओळीनं उभे करून पलटण दाखवायची. तिथं सुभेदार, तिथं खेचर, तिथं चिखलात रुतलेली गाडी. मूळ गोष्टीशी त्या सगळ्याचा काडीचा संबंध नाही. मग परत घरी. "तर मी काय म्हनत हुतो?" तोवर दूध चुलीत. नातवाच्या कार्टूनमधला बाप असाच मध्येच भलतं काहीतरी आठवतो, आणि चित्र लगेच तिकडं पळतं. मला हसू येतं ते त्याला वाटतं कार्टूनमुळं.

ताराक्काचं एकच वाक्य, "मी काय बोलत न्हाई." ते म्हणून झालं की अर्धी पाटी हळद मोडून होईपर्यंत ती बोलायची. शेजारीण नेमकी नको त्या वेळी दारात यायची, कुणी आजारी असो की भांडण पेटलेलं असो, आणि म्हणायची, "जरा विरजण द्या." बास, एवढंच. पहिल्या दिवशी त्यात हसण्यासारखं काहीच नव्हतं. चौथ्या-पाचव्या दिवशी शेजारणीचा गड्डा नुसता हातात घेतला तरी बायका तोंडाला पदर लावायच्या. आणि टिल्लू? तो कधी बोलायचाच नाही. सगळा गोंधळ घालून झाला की वन्सं त्याला हळूच आमच्याकडं वळवायची. नुसतं वळवायची. "बघताय ना माझ्या घरचे?" असं त्याच्या त्या बिनडोळ्यांच्या तोंडावर आम्हाला स्पष्ट दिसायचं. हळकुंडाला तोंड असतं का हो? पण दिसायचं.

आणि ती सून. ती मी होते.

आमच्या कोयनेच्या वसाहतीत भांडं वाजलं की माणूस आधी दाराबाहेर, विचार नंतर. सदुसष्टच्या भूकंपानं आमची हाडंच तशी केली होती. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात गोठ्यातल्या बैलानं भिंतीला अंग घासलं, फडताळातली भांडी खणखणली, आणि मी कणकेचे हात घेऊन, डोक्यावर परात धरून, थेट वेशीपर्यंत पळाले. अख्ख्या गावानं बघितलं. दुसऱ्या दिवशी दाजींच्या घरच्या नव्या सुनेच्या डोक्यावर एक पान आलं. कुणी शिंकलं, सून बाहेर. दाजी घोरले, सून बाहेर. ताराक्कानं पापड मोडला, सून परात घेऊन बाहेर! बायका लोळायच्या हसून. मला मात्र भडभडून आलं. मी रात्री जेवले नाही. भूकंपात आमची शेजारीण दबून मेली होती, तिची हाक मी ऐकली होती. कशाचं हसू करायचं याला काही धरबंध?

वन्सं माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "वैनी, उद्यापास्नं सून काढून टाकते."

मी म्हटलं, "नको." का म्हटलं कोण जाणे. पुढं पुढं मीच सुचवायला लागले, की आज तिला कशावरून पळवायचं. आणि खरं सांगते, त्या हंगामात कधीतरी माझं पळणं थांबलं. भांडं वाजलं की आधी मला ते पान डोक्यावर घेतलेलं हळकुंड आठवायचं. भीती गेली नाही, पण तिला बसायला जागा मिळाली. मी हे उपकार कधी विसरले नाही.

पण ज्या जिभेनं मला तारलं, त्याच जिभेनं वन्संचं वाटोळं व्हायला आलं होतं. दोन स्थळं आली आणि परत गेली. पोरगी रंगानं, कामानं चांगली, पण नकला करते, चारचौघात हसवते, असं कुणीतरी पाहुण्यांच्या कानावर घातलेलं. हसवणारी बाई घरात कशी नांदेल? तिसरं स्थळ वडूजकडचं. आत्याबाई औंधाला यमाईच्या जत्रेला गेल्या होत्या, तिथं मुलाच्या आईची गाठ पडून बोलणं झालं होतं. मुलगा शेती करणारा, शांत. आणि हे जमलं नाही तर मामंजींनी दुसरी सोय मनाशी ठरवून ठेवली होती. पलीकडच्या गावचा एक बिजवर, वन्संहून वयानं दुप्पट, पदरी तीन मुलं, आणि दारूनं हात थरथरणारा. मामंजी वाईट नव्हते हो. घाबरलेले होते. एका सकाळी काईल पेटवता पेटवता ते म्हणाले, "हौसे, हे स्थळ हुकलं तर पाडव्याला मी तिकडं शब्द देनार. त्ये गड्ड्यांचं खेळ बंद."

"बंद," वन्सं म्हणाली.

त्या दिवसापासून खळ्यावर नुसतं कट्, कट्. बायकांची कामं रेंगाळायला लागली. जांभया यायला लागल्या. सखूबाई म्हणून बायकांची मुकादम होती, तिलासुद्धा चैन पडेना. वन्सं मान खाली घालून हळद मोडायची, आणि एखादा मोठ्या नाकाचा गड्डा हाती लागला की पटकन बेण्यात टाकायची, बघायचंच नाही असं ठरवल्यासारखी. मला ते बघवायचं नाही.

नातवाच्या कार्टूनमधल्या लोकांचं बरं असतं. त्यांचं कालचं काल शिजतं. वन्संचं तसं नव्हतं. एकदा शब्द दिला की दिला, एकदा त्या बिजवराच्या घरी गेली की गेली. दुसऱ्या दुपारी नवा गड्डा घेऊन पहिल्यापासून मांडायचं, ही सोय बाईच्या जन्माला नाही. मी विशीतली पोर, पण एवढं मला कळत होतं आणि रात्री झोप लागत नव्हती.

पाहुणे यायच्या आदल्या दिवशी आत्याबाई बाजाराला सांगलीला गेल्या. दुपारी एक बाई खळ्यावर आली. पायात जाड वहाणा, काखेत गाठोडं, उन्हानं रापलेली. बोलणं पूर्वेकडचं. दुष्काळानंतर तिकडच्या बायका हंगामाला आमच्याकडं कामाला यायच्या, आणि सखूबाई त्या दिवशी अशाच दोघींची वाट बघत होती. तिनं मागचा पुढचा विचार न करता फर्मावलं, "उशीर केलास बाई! दुसरी कुठं हाय? बस तितं, घे टोपली."

बाईनं एकदा सगळ्याजणींवर नजर फिरवली. मग बसली आणि हळद मोडायला लागली. हात सराईत, पण हळदीचे नव्हेत, ते लगेच कळत होतं. वन्सं तिला दाखवत होती, असं धर, इथं मोड. थोड्या वेळानं ती बाई म्हणाली, "तुमच्यात कुनी मेलंय का गं? कोनच बोलत न्हाई ते!"

सखूबाईनं संधी साधली. "आवं, आमची हौसा बोलती झाली तर तुमी काम इसरशीला. पर तिनं तोंड शिवलंय."

"का बरं?"

सखूबाईनं कायलीजवळच्या मामंजींकडं डोळ्यानं खुणावलं. बाईनं ढिगातून एक भला मोठा, वाकड्या नाकाचा जेठा गड्डा उचलला आणि वन्संसमोर धरला. "ह्यो बग की कसा हाय. मानसावानी."

वन्संनं गड्ड्याकडं बघितलं. मग कायलीकडं. मामंजी पाठमोरे होते, धुरात. त्या परक्या, थकलेल्या बाईची तिला दया आली असावी. की स्वतःचीच आली? तिनं गड्डा हातात घेतला आणि हळू आवाजात म्हणाली, "ही माझी सासू. उद्या मला बगायला येनार हाय."

आणि काय सांगू तुम्हाला! सासू आली, तिनं पोरीला चालायला लावलं, दात मोजले, सुईत दोरा ओवून घेतला, आणि ती उंबऱ्यावर बसूनच म्हणाली, "घराला उंबरा हाय, पर उंची कमी." दाजी म्हणाले, "आमच्या पलटणीत..." शेजारीण विरजण मागून गेली. सून परात घेऊन पळाली. किती दिवसांचं तुंबलेलं हसू खळ्यावर फुटलं. सखूबाईच्या डोळ्यांतून पाणी. ती बाई तेवढी हसली नाही. हात थांबवून, तोंड किंचित उघडं ठेवून बघत राहिली.

तेवढ्यात आत्याबाई बाजाराची पिशवी घेऊन खळ्यात शिरल्या आणि जागच्या जागी थिजल्या. "अगं बया! सुंदराबाई? तुमी? आन हितं, ढिगाला?"

वन्संच्या हातातला गड्डा तसाच राहिला. औंधाच्या जत्रेत भेटलेली वडूजची बाई ती हीच. मुलाची आई उठली, लुगडं झटकलं आणि म्हणाली, "बहिनीकडं आले हुते शेजारच्या वाडीत. पाटावर बसलेली पोरगी सगळ्यांस्नीच चांगली दिसती. म्हनलं कामावर बसलेली बगावी." मग तिनं निरोप घेतला. चहासुद्धा घेतला नाही. मामंजी धुरातून आले, सगळं ऐकलं आणि ढिगाजवळ मटकन बसले. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, "आता उद्या येत्यात का बगू." वन्सं त्या रात्री माझ्या कुशीत रडली. मी तिचा हात धरून पडून राहिले.

पण ते आले. सुंदराबाई, त्यांचा थोरला मुलगा, नवरा मुलगा आणि दोन वडीलधारे. वन्सं डोक्यावर पदर घेऊन पाटावर बसली. मी दाराआड. नाव विचारलं, गाव विचारलं, आजोळ विचारलं. वन्संचा आवाज तिचा वाटतच नव्हता. मग वडीलधारे सुपारी कातरायला लागले. ती लक्षणं मी ओळखून होते. मागची दोन स्थळं अशीच सुपारी कातरून "कळवतो" म्हणून उठली होती.

सुंदराबाई म्हणाल्या, "काल सासू उंबऱ्यावर यिऊन बसली, तितवर झालं हुतं. फुडं काय झालं गं?"

वन्संनं त्यांच्याकडं बघितलं नाही. तिनं मामंजींकडं बघितलं. मामंजींनी पटका काढून मांडीवर ठेवला, पुन्हा घातला. सगळी पाहुणेमंडळी त्यांच्याकडं बघत होती.

"सांग," मामंजी म्हणाले.

हातात गड्डा नाही, हळकुंड नाही. वन्सं नुसत्या बोटांनी सांगायला लागली. सासू म्हणाली, मला पोरगी पसंत न्हाई, आणि तरातरा निघाली. यष्टी चुकली. परत आली, म्हणाली, वहाण इसरली. वहाण तर पायातच! पुन्हा गेली, पुन्हा यष्टी चुकली, पुन्हा आली, म्हणाली, पानी द्या. पाणी पिऊन तिसऱ्यांदा गेली. ऊन डोक्यावर, यष्टीचा पत्ता नाही, पायाला फोड. इथं वन्सं थांबली. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला. पुढचं बोलणं म्हणजे सगळं पणाला लावणं होतं. मग ती बोलली. "तिसऱ्यांदा सासू आली, उंबऱ्यावर बसली, वहाना काडल्या, आन सवयीनं म्हनली, सूनबाई, वाईच च्या टाक गं."

आणि मग सुंदराबाईंच्या पोटातून काहीतरी वर आलं. आधी मला वाटलं त्यांना ठसका लागला. त्या हसत होत्या. मोठ्यानं, अंग हलवून, डोळ्यांतून पाणी काढून. त्यांचा थोरला मुलगा घाबरून उठला आणि तसाच उभा राहिला.

"आई हसली," तो धाकट्याला म्हणाला. "आरं, आई हसली."

सुंदराबाईंनी पदरानं तोंड पुसलं. "आमचं मालक गेल्यापास्नं घरात कोन बोलत न्हाई," त्या म्हणाल्या. "ही पोरं रानातनं येत्यात, जेवत्यात, झोपत्यात. भिताडावानी झालीत. गप बसनाऱ्या पोरी मला लय सांगून आल्या. मी काय करू त्यास्नी?" मग त्या वन्संकडं वळल्या. "पर आमच्याकडं हळद पिकत न्हाई पोरी. तू खेळाला काय घेशील?"

"काय पिकतं?" वन्संनं विचारलं. आवाज तिचा तिला परत मिळाला होता.

"बटाटं."

वन्संनं बोटांत नसलेला बटाटा तिरका करून बघितला. "चालत्यात की. सगळीच पोट सुटल्याली निगतील."

मामंजी एकदम उठले. आतल्या दाराकडं तोंड करून त्यांनी आत्याबाईंना हाक मारली, "अगं, बगत काय हुबी ऱ्हायलीस? साखर आन की!" तो आवाज इतका भरून आलेला होता की आत्याबाई साखरेऐवजी आधी त्यांच्यासाठी पाणीच घेऊन धावल्या.